तेराचं ॲव्हरेज

"शेडगेभाऊ, चप्पल काढून चालवली. तरी साडेआठच."

हिंदुराव थोरवडे माझ्या टेबलासमोर उभा होता. चपला खरोखरच हातात होत्या. पुरावा म्हणून आणल्यासारख्या.

मी घाईघाईनं समोरच्या गिऱ्हाइकाकडे बघून हसलो. गिऱ्हाईक इस्लामपूरचं होतं. बाहेर उभ्या पांढऱ्या फियाटभोवती तीन चकरा मारून आत्ताच खुर्चीत टेकलं होतं, आणि प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं तोच प्रश्न त्यानंही नुकताच विचारला होता : "किती देते?"

कराडात जुन्या गाड्यांच्या दलालीत मी तेव्हा नऊ वर्षं काढली होती. माणसं वय कमी सांगतात, पगार कमी सांगतात आणि गाडीचं ॲव्हरेज जास्त सांगतात. विकणारा मला दोनानं वाढवून सांगायचा, मी त्यात आणखी दोन घालायचो, आणि घेणारा गाडी घरी नेल्यावर शेजाऱ्याला वर एक चढवून सांगायचा. मग शेजारी माझ्याकडे यायचा, तसलीच एखादी आहे का म्हणून. सगळं सुरळीत चाललं होतं. लिटरला किती जाते हे कुणी मोजत नव्हतं.

हिंदुराव मोजत होता.

तीन महिन्यांपूर्वी मी त्याला जुनी अँबॅसिडर दिली होती. वडापला, म्हणजे माणसं भरून भाड्यानं फिरवायला, हवी होती त्याला. वर पठारावर बेलवाडी, खाली कोळे गावचा बाजार, मध्ये शिंगणखिंडीचा घाट. बावीस किलोमीटर जायचं, बावीस यायचं, दहा-दहा माणसं भरून. त्याला मी आकडा नुसता सांगितला नव्हता, मोजून दाखवला होता. टाकीची नळी काढली, अर्धा लिटर पेट्रोलची बाटली बॉनेटखाली बांधून तिची नळी जोडली, आणि गावाबाहेरच्या खडीच्या खाणीपासून निघालो. चालवायला मी, शेजारी तो. पुलाच्या अलीकडे गाडी आचके देत थांबली. मीटरवर साडेसहा किलोमीटर.

"दुप्पट कर," मी म्हणालो होतो.

हिंदुरावनं बोटांवर केलं. "तेरा!"

त्या तेरावर त्यानं पाटलाच्या ट्रॅक्टरवरची नोकरी सोडली. आता रोज दोन फेऱ्या मारायचा, आणि तेराच्या जागी साडेआठ पडत असल्यामुळे रोज साडेतीन लिटर पेट्रोल जास्त जात होतं. साडेतीन लिटर म्हणजे त्याच्या घरातली चूल.

दुसरा कोणी असता तर येऊन माझी कॉलर धरली असती. त्याची मला सवय होती, तयारीही होती. हिंदुराव मात्र दर खेपेला एकच विचारायचा : "तुमी चालवली तवा तेरा दिलं. माझ्या हातनं साडेआठच का?" त्याची शंका गाडीवर नव्हती, माझ्यावर नव्हती. स्वतःच्या पायावर होती. ॲक्सिलेटरवर आपला पाय जड पडतो, असं त्यानं मनाशी धरलं होतं. अशा माणसाचं करायचं काय? पहिल्या खेपेला मी त्याला हवा तपासायला सांगितलं. दुसऱ्या खेपेला मुबारक मिस्त्रीकडे पाठवून प्लग साफ करवले. तिसऱ्या खेपेला काहीतरी सांगायचं म्हणून म्हणालो, "उतारावर इंजिनला ओढायला लावू नको, मोकळी सोड." आता ही चौथी खेप.

"घरची म्हणती, दसऱ्यापतोर आकडा जमला न्हाई तर गाडी इकायची," हिंदुराव म्हणाला. "आन मी परत पाटलाच्या ट्रॅक्टरवर. सोडताना पाटलाला काय बोलून आलोय, तुमाला म्हाईत न्हाई."

"काय बोललास?"

"सांगण्याजोगं न्हाई."

इस्लामपूरवाला खुर्चीत पुढे सरकला. "कुठल्या गाडीचं चाललंय हे? तुम्हीच दिलेली का?"

मी उठलोच. खुर्चीला पाय लागून ती पडली, ती उचलली. "हिंदुराव, पुढं बोल. काय करू मी?"

"एकडाव माझ्या शेजारी बसा. काय करू नका, नुसता पाय बघा माझा. कुठं चुकतंय तेवढं सांगा."

"येतो. गुरुवारी येतो. जा तू आता."

गुरुवारी जायचं नव्हतंच मला. पण बुधवारी दुपारपासून माझं कशात मन लागेना. रस्त्यावरून अँबॅसिडर गेली की मान वळायची. सकाळी सहाची एसटी पकडून मी बेलवाडीला जाऊन उभा राहिलो.

गाडी भरत होती. हिंदुरावची बायको शालन मागच्या दाराशी उभी राहून माणसं बसवत होती. वडापला ती कंडक्टर. पोतं डिकीत, लहान पोर मांडीवर, आणि जाड माणूस दाराकडे न बसवता मध्ये, म्हणजे दार लागतं. सगळं तिच्या डोक्यात मांडलेलं. मला बघून तिनं पदराखालून शाळेची वही काढली.

"शेडगेभाऊ, हे बघा. खाली बाजारात पंप हाय. रोज तोंडापतोर टाकी भरतो, मीटर लिवतो."

मी वही उघडली. माझ्या कुठल्याही हिशेबापेक्षा ती नीट होती. तारीख, माणसं, किलोमीटर, लिटर, आणि शेवटी एक रकाना कारणाचा : 'चप्पल घालून', 'अनवाणी', 'पहाटे गारव्यात', 'न बोलता'. न बोलता चालवूनही साडेआठच. मग गेल्या पंधरा दिवसांत मात्र आकडा चढत गेला होता. नऊ पॉइंट दोन. नऊ पॉइंट आठ. काल दहा पॉइंट चार. कारणाचा रकाना रिकामा.

"इथं काय केलं?" मी विचारलं.

"त्येंनाच इचारा. मला सांगत न्हाईत. मागं दाटीत, माणसांच्या गलक्यात मला पुढचं काय कळतंय?" मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "झोपत न्हाईत ओ. झोपंत पाय हलवत्यात. असा." तिनं पंजा अलगद खाली-वर करून दाखवला.

मला मात्र त्या दहा पॉइंट चारनं बेचैन केलं. ही गाडी, हा घाट आणि दहा माणसं. दहा पॉइंट चार येऊच शकत नाही. खोटे आकडे मी स्वतः तयार करत आलो होतो, मला ते लांबून ओळखू यायचे. आणि हे नवराबायको खोटं लिहिणारे नव्हते. मग हा आकडा आला कुठून?

"चला, चला," हिंदुराव म्हणाला. चपला काढून त्यानं सीटखाली ढकलल्या.

त्या गाडीला पुढे अखंड बाकडं होतं, आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. त्यामुळे पुढे चौघं बसायचे. दाराला चिकटून हिंदुराव, त्याच्या शेजारी मी, पलीकडे दुधाचा कॅन घेतलेला एकजण, आणि खिडकीशी सुबरावतात्या. तात्या रिटायर पोस्टमन. मांडीवर भिंतीवरचं मोठं घड्याळ घेऊन बसले होते.

"सहा महिने बंद हाय," तात्यांनी न विचारता सांगितलं. "बाजारात दुरुस्तीला न्यायचंय. तुमी नवीन दिसताय. पावनं का?"

"गाडीचं बघायला आलेत," हिंदुराव म्हणाला. "ह्येंनी ह्या गाडीला तेरा काढून दाखवलेत, तात्या."

"तेरा!" तात्यांनी माझ्याकडे मोठ्या आदरानं पाहिलं. मी खिडकीबाहेर बघायला गेलो, पण मध्ये दोन माणसं आणि एक घड्याळ होतं.

पठारावर दहा किलोमीटर गाडी छान गेली. मला पाय बघायला बोलावलं होतं, म्हणून मी पायच बघत होतो. आणि तुम्हाला सांगतो, असा पाय मी पुन्हा पाहिला नाही. अंगठा आणि शेजारच्या बोटानं ॲक्सिलेटर नुसता धरून ठेवलेला, झोपलेल्या मांजरावर हात ठेवावा तसा. एक धक्का नाही, एक उगाच दाब नाही. माझा पाय त्याच्या निम्मासुद्धा हलका नव्हता. हे मला तिथेच, पहिल्या पाच मिनिटांत कळलं, आणि मी ते बोललो नाही. बोललो असतो तर पुढचा प्रश्न ठरलेला होता.

खिंड आली. समोर दरी उघडली, रस्ता खाली वळला, आणि हिंदुरावनं किल्ली फिरवली.

इंजिन बंद.

एकदम शांत झालं. वाऱ्याचा आवाज, टायरचा आवाज, आणि घड्याळातल्या लंबकाचं आत कुठेतरी आपटणं.

"हे काय?"

"तुमीच सांगितलं न्हवं का," हिंदुराव हसून म्हणाला. "मोकळी सोडली. पंधरा दिस झालं. हितनं घाटाखालच्या पुलापतोर सा किलोमीटर फुकाट. म्हणून तर दहाच्या वर गेलो! आज तुमी शेजारी हाय, आज अकरा पडत्यात बघा."

पहिलं वळण गेलं. दुसरं. गाडी दहा माणसांच्या वजनानं खाली पळत होती आणि तिला धरून ठेवायला नुसते ब्रेक होते. तिसऱ्या वळणावर जळका वास आला.

"कुणाची पेटती इडी पडली का काय?" तात्यांनी मांडीखाली बघितलं.

"ब्रेकचा वास हाय, तात्या. रोज येतो," हिंदुराव म्हणाला. "पुलाजवळ पाणी मारलं की झालं."

माझं लक्ष त्या पायावर होतं. खिंडीत ब्रेक दाबताना पंजा थोडासाच खाली जात होता. तिसऱ्या वळणावर निम्मा गेला. चौथ्याला त्यानं दोनदा मारला, तेव्हा धरला.

"हिंदुराव, इंजिन चालू कर. गिअर टाक."

"आता? आता टाकला तर सगळं वाया! गिअर टाकला की इंजिन फिरलं, इंजिन फिरलं की पेट्रोल पेलं."

"अरे, ब्रेक तापलेत. लागायचे बंद होतील!"

"भाऊ, खरं सांगा." त्यानं रस्त्यावरची नजर काढली नाही, पण आवाज एकदम खालचा, विचारणारा झाला. "तुमी तेरा काढलं ते समदं गिअरमधीच काढलं का? मग मला का जमंना?"

पाचवं वळण आलं. ब्रेक तीनदा मारावा लागला. उजव्या बाजूला कठडा नव्हता, नुसते पांढरे दगड होते, आणि ते फार वेगानं जात होते.

"तेरा नव्हतेच!" मी ओरडलो.

"काय?"

"तेरा नव्हतेच, हिंदुराव! खाणीपासून पुलापर्यंत उतार आहे! डोळ्यांना दिसत नाही, सायकलवाल्याला विचार!"

हिंदुरावच्या कपाळावर आठी पडली. रागाची नव्हे, विचाराची. "आसंल थोडा. उताराचा एक वजा करा. बारा तर हुतंच!"

माझ्याच खोट्या आकड्याची बाजू तो माझ्याविरुद्ध घेत होता. आयुष्यात मला कुणी इतकं हैराण केलं नव्हतं.

"टायरात चाळीस पौंड हवा मारली होती! दगडासारखी!"

"अर्धा वजा."

"कार्बोरेटर आधीच भरलेला होता! बाटली लावायच्या आधी! पंपात होतं, नळीत होतं, ते मी मोजलंच नाही!"

"किती हुतं ते?" मागून शालननं विचारलं. तिथे पाठीमागे सहा माणसं एकमेकांवर कोसळत होती, आणि त्यातून तिचा आवाज आला, पंपावर विचारल्यासारखा.

"किलोमीटरभर जाईल इतकं!"

"म्हंजी दुप्पट केल्यावर दोन," शालन म्हणाली.

"आणि माणसं दोन होती, वहिनी! दोन! इथं दहा आहेत! ही गाडी भरून साडेआठच देते! मी चालवली तरी साडेआठ, कुणी चालवली तरी साडेआठ! तुझा पाय चांगला आहे रे, माझ्यापेक्षा चांगला आहे! गिअर टाक!"

हिंदुरावनं माझ्याकडे पाहिलं. घाटात, त्या वेगात, पूर्ण मान वळवून पाहिलं. मग त्याचा हात किल्लीवर गेला. डावा पाय क्लचवर. दांडा तिसऱ्यात पडला आणि इंजिननं अशी किंकाळी फोडली की पुढचे आम्ही चौघं काचेवर गेलो. मागून शिव्यांचा लोंढा आला. दांडा दुसऱ्यात. गाडीला कुणीतरी मागून शेपटी धरून ओढावं तसा वेग तुटला. शेवटच्या वळणावर दुरुस्तीसाठी टाकलेला खडीचा ढीग होता. हिंदुरावनं डावं चाक त्यात अलगद घातलं, आणि गाडी थांबली.

मग तात्यांच्या मांडीवरच्या घड्याळानं खणखणीत टोले द्यायला सुरुवात केली. सहा महिन्यांचे तुंबलेले असावेत; थांबेनात.

"चालू झालं!" तात्या म्हणाले. "आता मला बाजारात काय काम? मला परत सोडा."

"भाडं जाऊन-येऊनचं पडंल," शालन म्हणाली, आणि खाली उतरून रस्त्याच्या कडेला मटकन बसली.

चाकांतून धूर येत होता. माणसं उतरून मला काय काय म्हणाली ते मी इथे लिहीत नाही. त्यातलं बहुतेक बरोबर होतं. मी हिंदुरावची वाट बघत होतो. तो खडीच्या ढिगावर बसला होता, उजवा पाय पुढे लांब करून, आणि त्या पायाकडे टक लावून बघत होता. मला वाटलं, आता उठेल आणि मारेल. मी चष्मा काढून खिशात ठेवला.

"म्हंजी पाय बरुबर हाय," तो म्हणाला.

मला नव्हे, बायकोला. आणि हसायला लागला. हसता हसता त्यानं तोंड कोपरात लपवलं, खांदे बराच वेळ हलत राहिले, आणि त्यातलं हसू किती होतं ते मी विचारलं नाही.

तासाभरानं चाकं निवली. शालन उठली, वही काढली.

"शेडगेभाऊ, आता तुमी चालवायचं. पंपावर टाकी भरून निघायचं, माणसं भरून वर जायचं, माणसं भरून खाली यायचं, परत टाकी भरायची. काय पडंल ते आमच्या म्होरं मोजायचं."

"वहिनी, माझी दुपारची एसटी..."

"एसटी उद्या बी असती."

मी चालवली. घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो, बैलगाडीच्या चालीनं. पंपावर टाकी तोंडोतोंड भरली तेव्हा बाजार मोडत आला होता. शालननं भागाकार केला, दोनदा केला, आणि वही माझ्यापुढे धरली. आठ पॉइंट तीन.

"दोन पॉइंट कमी पडलं तुमाला," हिंदुराव म्हणाला. तीन महिन्यांत त्याचं तोंड मी इतकं उजळलेलं पाहिलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत बाजारातल्या निम्म्या लोकांना त्यानं ते सांगितलं होतं.

शालननं पंपावरून लाल रंगाची डबी आणि काडी मागून आणली. ड्रायव्हरच्या डोक्यावर उन्हासाठी झडप असते, ती खाली पाडली. "लिवा. तुमच्या हातानं. भरून, जाऊन-येऊन. आन खाली सही."

"आठ तीन लिहू?"

"साडेआठ लिवा. गाडी ते चालवणार हायेत, तुमी न्हाई."

मी लिहिलं. रंग वाळेपर्यंत ती तिथेच उभी राहिली, आणि उभ्या उभ्या तिचं मांडून झालं. रोजच्या दोन फेऱ्या बंद. फक्त बाजाराचे दोन दिवस आणि लग्नसराई. मधल्या दिवसांत हिंदुरावनं गावातल्या दोन-तीन ट्रॅक्टरवर रोजानं जायचं, पाटलाचा सोडून.

"आसं जमतंय?" हिंदुरावनं भीत भीत विचारलं.

"साडेआठावर हिशेब मांडता येतो," ती म्हणाली. "तेरावर नुसतं पळावं लागतं."

ब्रेकचे लायनर मुबारककडून माझ्या खर्चानं बसले. दलालीबद्दल शालनवहिनींनी एका शब्दानं विचारलं नाही, त्यामुळे ती मला स्वतःहून नेऊन द्यावी लागली.

इस्लामपूरवाला शनिवारी परत आला. फियाटच्या टायरला लाथ मारून म्हणाला, "हां, तर किती देते?"

"किती माणसं बसणार?" मी विचारलं. "वाटेत घाट आहे का?"

"हा काय प्रश्न झाला?" तो म्हणाला, आणि पलीकडच्या एजंटाकडे गेला. तिथे त्याला पंधरा मिळाले.

अकरा वर्षांनी हिंदुराव ती अँबॅसिडर विकायला माझ्याच दारात घेऊन आला. डिझेलची जीप घ्यायची होती. पत्रा गळत होता, बाकड्याच्या स्प्रिंगा वर आल्या होत्या. मी गाडीभोवती चकरा मारल्या, सवयीनं. मग आत बसून झडप खाली पाडली. माझा लाल आकडा फिकट झाला होता, सही तशीच होती. त्याच्याखाली, दर दसऱ्याला एक, असे दहा आकडे शालनच्या अक्षरात होते. साडेआठ. आठ पॉइंट सहा. साडेआठ. आठ पॉइंट चार. खाली खाली येत शेवटचा सात पॉइंट नऊ.

हिंदुराव दारात वाकून बघत होता. पायात चपला नव्हत्या. ती सवय मात्र राहिली होती.

"गिऱ्हाइकाला किती सांगणार, भाऊ?"

"काही सांगणार नाही," मी म्हणालो, आणि झडप तशीच खाली ठेवून गाडीतून उतरलो.